महालक्ष्म्यांचा प्रसाद आणि घरातील शीतकपाट

भाद्रपदाचा शुद्ध पक्ष लागून गणरायाची स्थापना झाली, की वऱ्हाडातील घराघरांना महालक्ष्म्यांचे वेध लागतात. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच आपल्याकडील महालक्ष्म्या. अनुराधा नक्षत्रावर त्यांचे आगमन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन व महानैवेद्य आणि मूळ नक्षत्रावर बोळवण. यवतमाळ शहर असो, दारव्हा-दिग्रस असो, की पुसद-वणीकडील एखादे लहानसे खेडे असो, या तीन दिवसांत माळ्यावरची पेटी खाली उतरते, मुखवटे उजळले जातात, ज्येष्ठा-कनिष्ठा भरजरी वस्त्रे लेवून उभ्या राहतात आणि त्यांच्या डोक्यावर फुलोरा डुलू लागतो. पूजनाच्या दिवशीचे जेवण तर विचारूच नये. सोळा भाज्या, पुरण, ज्वारीची आंबील, कढी, वडे, भजी, चटण्या, कोशिंबिरी, पंचामृत. घरातील सुवासिनी पहाटेपासून ओलेत्याने राबतात, आणि सायंकाळी आरती होऊन पंगत बसते तेव्हा तीस-चाळीस पाने सहज उठतात.

या पानावर मखराविषयी, आरासीविषयी, व्रताच्या कथेविषयी पुष्कळ लिहिले जाते व ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही ज्या वस्तूविषयी लिहिणार आहोत तिची गणना कोणत्याही पोथीत नाही. दसऱ्याला तिला झेंडूची माळ आणि हळदकुंकवाचे बोट मिळते, एवढाच काय तो तिचा धार्मिक अधिकार. ती वस्तू म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घरघरत उभे असलेले शीतकपाट, म्हणजे आपला नित्याचा फ्रीज, आणि विशेषतः त्यातील बर्फाचा कप्पा. आम्ही या विषयाकडे वळलो त्याला एक कारण घडले. ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाला तीन किलो डाळीचे पुरण शिजले होते. अंदाज चुकला. पाऊस कोसळू लागल्याने निम्मी मंडळी आलीच नाहीत. रात्री अकराला आवराआवर करताना उरलेले पुरण एका खोल स्टीलच्या डब्यात दाबून भरले गेले. ते अजून चांगलेच ऊन होते. पण सारे थकलेले. डबा तसाच बर्फाच्या कप्प्यात कोंबला आणि दार लावले. मध्यरात्री वीज गेली, ती पहाटेच्या सुमारास आली. सकाळी डबा काढला तेव्हा वरचा थर छान थंडगार, कडेने तर बर्फाची नक्षी. आतला गोळा मात्र कोमट होता, हे वाढणाऱ्या हातांना जाणवले. परंतु वास चांगला, चव चांगली. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "अगं, देवीचा प्रसाद आहे तो, टाकायचा नसतो. गरम करून वाढ." तसे केले. दुपारी बोळवणीच्या वेळी घरातील सात माणसे ओकाऱ्यांनी व पोटदुखीने आडवी झाली होती. आत्याबाईंचे वय झालेले. त्यांना दोन रात्री सलाइनवर काढाव्या लागल्या. महालक्ष्म्यांची पाठवणी शेजारच्या काकूंनी केली. ते वाईट आम्हांला अजून विसरता येत नाही.

डॉक्टरांनी त्या वेळी जे समजावून सांगितले ते प्रत्येक सुगरणीने ध्यानी धरावे असे आहे. थंडी ही शुद्धी करीत नाही. अग्नी मारतो, थंडी केवळ झोपवते. अन्नातील सूक्ष्म जंतूंना अनुकूल उष्णता मिळाली तर काही जाती वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे आठ तासांत दीड कोटीहून अधिक होऊ शकतात. ५ अंश सेल्सिअसच्या खाली त्यांची वाढ अगदी मंदावते, आणि उणे १८ अंशांवर ती थांबते. परंतु ते मरत नाहीत, पुन्हा ऊब मिळण्याची वाट पाहत पडून राहतात. ५ पासून ६० अंशांपर्यंतचा मधला पट्टा हा धोक्याचा. आमचे पुरण रात्रभर नेमके त्या पट्ट्यात बसून होते.

मग पुन्हा गरम केले तेव्हा दोष का गेला नाही? हा प्रश्न आम्हीही विचारला होता. डाळ, तांदूळ, भगर यांत राहणाऱ्या काही जंतूंची बीजे शिजवण्याच्या उष्णतेतूनही तग धरतात. अन्न सावकाश निवू लागले की ती रुजतात, वाढतात, आणि त्यांपैकी काही असे विष सोडतात की जे उकळल्यानेही नष्ट होत नाही. हाताच्या जखमेतून, नाकातोंडाच्या स्पर्शातून खव्यात वा पेढ्यात जाणाऱ्या आणखी एका जातीचे विषही तसेच चिवट. जंतू मरतो, विष उरते. आणि अशा अन्नाला वास येईलच, आंबूस चव लागेलच असे मुळीच नाही. "वास घेऊन पाहिला, चांगले होते" ही साक्ष म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही.

प्रसादाला हा नियम लागू नाही असे मानण्याचा मोह श्रद्धाळू मनाला होतो. आमच्या आत्याबाईंनाही झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, सोमठाणा येथे सप्ताहातील एकादशीच्या भगर-आमटीच्या प्रसादानंतर दोनशेहून अधिक भाविकांना विषबाधा झाली; रुग्णालयात जागा पुरेना म्हणून उघड्यावर दोर बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या लावाव्या लागल्या, हे चित्र वृत्तपत्रांतून साऱ्यांनी पाहिले आहे. तेथील भक्तीत काही उणे होते असे कोण म्हणेल?

आता उपाय. ऊन अन्न खोल भांड्यात भरून ठेवणे हा पहिला प्रमाद. मोठ्या पातेल्याच्या मध्यावरील गोळा निवायला दहा-दहा तासही लागू शकतात, मग भोवती बर्फ असला तरी. उरलेले पुरण वा भात परातीत, ताटांत, दोन बोटांहून अधिक जाड थर होणार नाही अशा बेताने पसरावा. वर पातळ स्वच्छ फडके टाकून पंख्याखाली ठेवावा. घाई असेल तर परात गार पाण्याच्या मोठ्या घमेल्यात ठेवावी. आपल्या आज्या दुधाचे पातेले पाण्याच्या परातीत ठेवीत, ते हेच. शिजल्यापासून दोन तासांच्या आत अन्न शीतकपाटात गेले पाहिजे, आणि भाद्रपदातील उकाड्यात तर एका तासात गेले तर उत्तम. तेही लहान, उथळ, झाकणाच्या डब्यांत. कढत पातेले आत ठेवले की ते स्वतः तर निवत नाहीच, पण शेजारच्या दुधादह्यालाही ऊब देते.

असे ठेवलेले पुरण खालच्या कप्प्यात दोन-तीन दिवस निर्धोक राहते. त्याहून अधिक ठेवायचे तर लहान वाट्यांएवढे गोळे करून बर्फाच्या कप्प्यात. मात्र येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. उणे १८ अंश हे माप स्वतंत्र फ्रीझरचे, किंवा वेगळे दार असलेल्या चांगल्या फ्रीझर कप्प्याचे. अनेक घरांत असलेल्या एकदारी फ्रीजमधील लहान कप्पा तितका गार असेलच असे नाही. काही केवळ उणे ६ किंवा उणे १२ अंशांपर्यंतच जातात. पाण्याचा बर्फ झाला म्हणजे तीन महिन्यांची बेगमी झाली असे समजू नये. बाजारात फ्रीजसाठी साधा तापमापक स्वस्तात मिळतो. तो खालच्या कप्प्यात ४-५ अंश दाखवीत नसेल तर आतील बटण पुढे सरकवावे.

गोठलेला पदार्थ ओट्यावर दिवसभर ठेवून सैल करण्याची पद्धत सोडून द्यावी. तो आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावा, आणि वाढताना मध्यापर्यंत वाफ निघेल इतका तापवावा. एकदा तापवलेले पुन्हा गोठवू नये. आमच्याकडे पौषात शेतातून आलेल्या तुरीच्या शेंगांचे सोले काढून ते उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवून, लगेच गार पाण्यात टाकून, पुसून कोरडे करून लहान पिशव्यांत गोठवतात. ओले खोबरे, खवा, लिंबाचा रस यांनाही हा कप्पा मानवतो. दही गोठवले तर फुटते, आणि कच्चा बटाटा, काकडी, पालेभाजीची कोशिंबीर यांची तर माती होते. म्हणून सोळा भाज्यांसाठी पालेभाजी आणायची ती आदल्या दिवशीच. पाणी नीट निथळून, कापडात गुंडाळून खालच्या खणात.

सोवळ्याचा प्रश्न येथेच निघतो. कित्येक घरांत नैवेद्याच्या स्वयंपाकाला शीतकपाटातील काहीही चालत नाही. आम्ही अशा घरांच्या नियमाला नाव ठेवणार नाही. उलट आमचे मत असे झाले आहे की सोवळ्यातील बहुतेक शिस्त या यंत्रालाही लावली तर त्याचे निम्मे दोष जातील. खरकटा हात आत जाऊ नये. उष्टे ताट आत जाऊ नये. देवाचे दूध, दही, लोणी, पंचामृताचे साहित्य यांचा वरचा खण वेगळा, झाकलेला. न धुतलेली भाजी नेहमी खाली, म्हणजे तिचे मातकट पाणी शिजलेल्या अन्नावर ठिबकणार नाही. हा नियम स्पर्शास्पर्शाचा म्हणून पाळा किंवा आरोग्याचा म्हणून, परिणाम एकच. जुन्या घरांत शिंकाळे होते, जाळीचे फडताळ होते, ओल्या फडक्याने वेढलेली मडकी होती. त्या काळी शिळे फार उरतच नसे, कारण ठेवायला जागाच नव्हती. भारतात तयार झालेला पहिला फ्रीज १९५८ मध्ये गोदरेजने बाजारात आणला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तो आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावांतील बैठ्या घरांतही शिरला. त्याच्याबरोबर "उरले तर ठेवू" हे वाक्यही शिरले.

शिळे मुळातच निषिद्ध, असे मात्र आपला धर्म सरसकट म्हणत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे व रस गेलेले अन्न तामस मानले आहे हे खरे. पण श्रावणातील शिळासप्तमीला आदल्या दिवशीचे रांधलेलेच खायचे असते, आणि आपल्या गावांतील मारवाडी कुटुंबांत होळीनंतर आठवड्याने बासोडा होतो तेव्हाही चूल पेटत नाही. त्या दिवशीचे पदार्थ आठवून पाहा. तळलेले, कोरडे, ताकातले, आंबट. ओलसर वरण-पुरण त्यांत सहसा नसते. कोणी शास्त्रज्ञ बसवून हे ठरवले नसेल, पण अनुभवाने ठरले असावे, असे आम्हांला वाटते.

वीज जाणे हे पावसाळ्यात आपल्या भागाला नवे नाही. वीज गेली की पहिले काम म्हणजे दार न उघडणे. बंद ठेवलेल्या फ्रीजचा खालचा भाग साधारण चार तास गारवा धरतो. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर दोन दिवस टिकतो, अर्धा भरलेला एक दिवस; एकदारी फ्रीजच्या चिमुकल्या कप्प्यावर इतका भरवसा टाकू नये. रात्री केव्हा वीज गेली नि किती वेळ गेली हे झोपलेल्या माणसांना कळत नाही. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवावे आणि वाटी कप्प्यात तशीच राहू द्यावी. सकाळी नाणे वरच असेल तर चिंता नाही. ते बुडून तळाशी गोठले असेल तर आतले सारे एकदा वितळून पुन्हा गोठले, असे समजावे. आमच्या घरी त्या रात्री ही वाटी असती तर आत्याबाईंचे दोन दिवस वाचले असते. वीज चार तासांहून अधिक वेळ नसेल तर दूध, खवा, पुरण, शिजलेला भात व भाज्या यांचा मोह सोडावा. लोणचे, तूप, लिंबे, अखंड भाज्या यांना काही होत नाही. कप्प्यातील पदार्थात बर्फाचे कण अजून कडक असतील तर तो पुन्हा गोठवायला हरकत नाही.

वीज परत येते ती कधी कधी उसळी मारीत येते. खेड्यापाड्यांतून तर दाब इतका खालीवर होतो की दिवे मिणमिणतात. म्हणून स्टॅबिलायझर हवाच, आणि त्याने वीज आल्यानंतर तीन ते पाच मिनिटे थांबून कॉम्प्रेसर सुरू करावा अशी सोय असलेला. आतील वायूचा दाब समतोल होण्यापूर्वी यंत्र सुरू केले तर त्यावर ताण येतो व ते लवकर निकामी होते.

याहूनही गंभीर बाब जमिनीच्या तारेची, म्हणजे अर्थिंगची आहे. ज्या घरांत महालक्ष्म्यांचा स्वयंपाक ओलेत्याने, अनवाणी, ओल्या फरशीवर होतो, त्या घरांतील फ्रीज हा लोखंडी पेटारा आहे हे विसरून चालणार नाही. त्याचा तीन पिनांचा प्लग तोडून दोन तारा खोचलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. दाराला हात लावताच किंचित मुंग्या येत असतील तर "थोडा करंट मारतो" म्हणून हसून सोडू नये. तत्क्षणी मुख्य बटण बंद करून जाणत्या वायरमनला बोलवावे. गळती होताच वीज तोडणारे उपकरण घराच्या मुख्य फळ्यावर बसवून घेतले तर अधिक चांगले. आणि मखराच्या रोषणाईच्या माळा, पंखा व फ्रीज असे सारे एकाच जोडफळ्यावर टांगण्याची जी दरवर्षीची घाई असते, ती यंदापासून बंद व्हावी. फ्रीजला भिंतीतील स्वतःचा प्लग असावा.

साफसफाईला आम्ही पूजेच्या आठवडाभर आधीचा दिवस धरतो, मुखवटे उजळतो त्याच दिवशी. प्लग काढूनच काम सुरू करायचे. आतले जिन्नस एका मोठ्या पातेल्यात भरून गोधडीत गुंडाळून ठेवावेत. दीड-दोन तास ते गार राहतात. बर्फाचा थर करंगळीच्या अर्ध्याइतका, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर झाला की तो काढलाच पाहिजे. बर्फाची ही गोधडी कप्प्यातील गारवा आतच अडवते, मग यंत्र अधिक वेळ चालते व बिल वाढते. ज्या फ्रीजमध्ये बर्फ वितळवण्याचे बटण असते त्यात ते दाबावे, नसेल तर दार उघडे ठेवून आत कढत पाण्याचे पातेले ठेवावे. थर सैल झाला की लाकडी उलथण्याने अलगद निघतो. सुरी, विळी, स्क्रूड्रायव्हर यांनी बर्फ फोडणे हा या यंत्राचा घात होय. कप्प्याच्या पत्र्यातच वायूच्या बारीक नळ्या असतात. टोक लागले की छिद्र पडते, वायू जातो आणि दुरुस्ती महागात पडते.

त्या वायूविषयी थोडे. पूर्वी त्या नळ्यांत क्लोरोफ्लुरोकार्बन जातीचा वायू असे. तो ओझोनच्या थराला मारक ठरल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभर हटवला गेला, आणि आपल्या देशात नव्या घरगुती फ्रीजमध्ये तो भरणे २००३ पासून बंद झाले. हल्लीच्या बहुतेक नव्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला निरुपद्रवी, पण ज्वालाग्राही. प्रमाण काही तोळ्यांचे असते, म्हणून भिण्याचे कारण नाही. तथापि नळी फुटून सूं असा आवाज आला तर दिव्याची बटणे दाबू नयेत, खिडक्या उघडाव्यात, आणि जवळ समई, नंदादीप वा उदबत्ती तेवत असेल तर ती खोली आधी मोकळी करावी. उत्सवाच्या दिवसांत घरात कोठे ना कोठे ज्योत असतेच, म्हणून हे विशेषेकरून लिहिले.

आतील भाग धुवायला साबणाचा सुगंध नको. तो लोण्याला लागतो. एक लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा पुरतो. खण बाहेर काढून धुवावेत व कोरडे पुसावेत. दाराच्या रबराच्या घड्यांत काळी बुरशी बसते, ती जुन्या मऊ दातघाशीने काढावी. रबर ढिले झाले का हे पाहायला दहाची नोट दारात धरून दार लावावे. नोट सहज ओढून आली तर गारवाही तसाच निसटत आहे. पाठीमागची जाळी धुळीने माखलेली असते, ती कोरड्या कुंचल्याने झाडावी आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे. चुलीच्या किंवा गॅसच्या शेजारी तर हे कपाट नसावेच.

आणि मागचा ट्रे! कित्येक घरांत तो आहे हेच ठाऊक नसते. आतील वितळलेले पाणी तळाच्या छिद्रातून कॉम्प्रेसरजवळच्या एका उथळ तबकडीत साचते. भाद्रपदात डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेले पाणी शोधीतच असतो, आणि घरोघर पाहणीला येणाऱ्या आरोग्य सेविकांना अळ्या सापडतात त्या पुष्कळदा कुंडीखाली आणि या ट्रेमध्ये. दर आठवड्याला तो ओढून रिकामा करावा, घासून पुसावा. देवघर लखलखीत आणि फ्रीजमागे डासांची पैदास, असे आमच्याही घरी एकदा निघाले होते. हे कबूल करायला संकोच वाटतो.

आपला जिल्हा कपाशीचा. महालक्ष्म्या बसतात त्याच सुमारास शेतात फवारणी चालू असते. २०१७ च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, ही जखम अजून ओली आहे. औषध "थंड जागी ठेवा" असे डब्यावर वाचून ते किंवा त्याची उरलेली पुरचुंडी घरच्या फ्रीजमध्ये ठेवणे, अथवा पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवणे, याइतका अविचार दुसरा नाही. शेतातून आलेल्या माणसाने हातपाय व कपडे धुतल्याशिवाय फ्रीजच्या मुठीला हात लावू नये. जनावरांची लस, पशुवैद्याची औषधे यांनाही अन्नाच्या कपाटात जागा नाही. घरातील मधुमेही माणसाचे इन्सुलिन मात्र खालच्या भागात, २ ते ८ अंशांत, झाकलेल्या डबीत ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ते गेले व गोठले तर वाया गेले. पुन्हा वितळवून टोचू नये.

जुना फ्रीज बंद पडला की खेड्यांत त्याचे कपडे वा धान्य ठेवायचे कपाट होते. त्यास हरकत नाही. पण आधी त्याचे दार किंवा निदान खिटीचे कुलूप काढून टाकावे. लपाछपी खेळणारे मूल आत शिरले नि दार लागले तर हवा कोंडते. पूर्वीच्या फ्रीजची दारे खिटीने बाहेरूनच उघडत. त्यांत कोंडून मुले दगावल्यामुळे अमेरिकेने १९५६ मध्ये कायदाच केला, आणि पुढे आतून ढकलता येणारी चुंबकी दारे आली. सणाला घर पाहुण्यांच्या मुलांनी भरलेले असते, तेव्हा अडगळीतील असा फ्रीज आधी पाहून घ्यावा.

आता पुन्हा प्रसादाकडे. अन्न टाकणे जिवावर येते, त्यात देवीचे अन्न. ते बिघडले तर गाईला घालावे असे अनेकांना वाटते. पण पुरणपोळी, भात, शिळा स्वयंपाक एकदम पोटभर घातला तर गाईच्या पोटात आम्लता होऊन तिच्या जिवावर बेतते. पोळ्याच्या सणाला बैलांच्या बाबतीत हेच घडते असे पशुवैद्य दरवर्षी सांगतात. बिघडलेले अन्न परसात खड्डा खणून मातीत घालावे. मातीला दिले म्हणजे अवमान झाला असे आम्हांला वाटत नाही. परंतु खरा उपाय आदल्या दिवशीच करावा लागतो. पानांची नीट गणती, डाळीचे माप, आणि पाहुणे न आल्यास त्याच रात्री ऊन ऊन प्रसाद शेजारी, मोलकरणीच्या घरी, वस्तीवर पोहोचवण्याची तयारी. आमच्या घरी आता डाळ दोन किलोंवर आली आहे. वाढायला बसण्यापूर्वीच पाच-सहा झाकणाचे डबे भरून वेगळे काढले जातात, आणि पंगत उठण्याच्या आधी मुले सायकलींवरून ते देऊन येतात. फ्रीजमध्ये रात्री जाते ते एक उथळ ताट, फार तर दोन.

आत्याबाई आता नाहीत. शेवटची काही वर्षे त्या बसल्या जागेवरून सुनांना विचारीत, "वाटीत नाणं टाकलं का गं?" मूळ नक्षत्रावर दहीभाताची शिदोरी बांधून महालक्ष्म्या उठल्या, मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत गेले, की आमच्याकडे फ्रीजचा प्लग काढतात. आतले सारे रिकामे होते, सोड्याचे पाणी फिरते, आणि दाराच्या फटीत एक लाकडी पाट अडकवून ते तासभर वाऱ्याला उघडे ठेवतात.